पडद्यावरच्या पुसलेल्या सावल्या

सांगलीहून दर वर्षी मार्चअखेर माझी मावसबहीण हळद पाठवते. दळलेली नाही, हळकुंडं. यंदा ती आली त्याच दिवशी माझ्या कॉम्प्युटरने आपण होऊन रूप बदललं. सकाळी उघडला तर सगळी चित्रं चपटी. कचऱ्याची टोपली चपटी, फायलींची पाकिटं चपटी, बटणांच्या उजव्या कडेला असायची ती काळसर रेघ गायब. सगळ्यावरून कुणीतरी इस्त्री फिरवलेली. माझी भाची पुण्यात हेच काम करते, म्हणून तिला फोन लावला. ती म्हणाली, आत्या, सावल्या आता कुणी ठेवत नाही, जुनाट दिसतात.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. हातात हळकुंड होतं, ते नाकाशी नेलं आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा तो उन्हाळा समोर आला. हा वास आला की तो येतोच. आता बाई हळव्या होऊन काहीतरी गोड लिहिणार, असं कुणी समजू नये. मी हळवी नाही. हळव्या बाईच्या हातून ते झालं नसतं.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी सातारची, इंजिनिअरिंगला सांगलीत. हळदीच्या हंगामात सांगलीत शिरलं की आधी नाकाला कळतं आणि मग डोळ्यांना. मार्केट यार्डाकडून वारा सुटला की होस्टेलच्या दोरीवरच्या पांढऱ्या ओढण्या पिवळट व्हायच्या. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत तेव्हा देवळासारखे नियम होते. चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचे, काम झालं की यंत्रावर रेक्झिनचं झाकण घालायचं. अख्ख्या कॉलेजात गार हवा तेवढ्या एकाच खोलीत होती, ती यंत्रांसाठी. दाराबाहेर चपला काढल्या की कोण कुठून आलंय ते तळव्यांवरून कळायचं. संपतचे तळवे बारा महिने पिवळे.

संपत माझ्या प्रोजेक्टचा जोडीदार. वडूजकडचा, शिकायला हरिपूरला मामाकडे राहिलेला. मामा हळदीच्या पेवांवर कामाला. बोलणं तसंच ठेवलेलं, शहरातल्या पोरांनी नक्कल केली तरी बदललेलं नाही. गणितात मात्र असा की सर फळ्यावर अडकले की हळूच त्याच्या बाकाकडे बघायचे. सर्वांत जास्त मार्क माझे असायचे, पण अक्कल त्याची जास्त होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि ते मला आवडत नव्हतं.

प्रोजेक्टची कल्पना माझी. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे टेबल, असं आमच्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं. टेबलावर कागद, कागदावर कागद. मी म्हटलं, हे कसलं टेबल? टेबलाला खण असतो, खाली जागा असते, भिंतीशी एक कोपरा असतो जिथे नको ते ढकलता येतं. पडद्यावर यातलं काहीच नाही, नुसता पापड. आपण त्याची खोली करू. जवळची फाइल जवळ दिसेल, जुनी फाइल लांब. त्यासाठी मी मांडववाल्याकडून लाल आणि निळा जिलेटीन कागद आणला, पुठ्ठ्याला चिकटवला आणि रबर लावून चष्मे केले. एकच खोकं पडद्यावर दोनदा काढायचं, एकदा लाल, एकदा निळं, जरा अंतर ठेवून. एका डोळ्याला एक दिसतं, दुसऱ्याला दुसरं. डोकं ती दोन्ही जोडतं आणि खोकं काच सोडून पुढे येतं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी हात पुढे करून धरायला गेले होते.

गणित सगळं संपतचं. अंतर किती ठेवलं की खोकं किती पुढे येईल, हे तो वहीत मांडायचा. मग चष्मा मला लावायला सांगायचा आणि स्वतः फूटपट्टी घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचा. किती पुढं आलं, विचारायचा. मी बोट दाखवायचे, तो मोजायचा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघायचा. पूर्ण महिना असा गेला. मला वाटायचं, मान देतोय. कल्पना तिची म्हणून बघण्याचा मान तिचा.

एका दुपारी तो मला हरिपूरला पेव दाखवायला घेऊन गेला. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. वर माणूस मावेल एवढंच तोंड, खाली मोठं पोट. पोटात पोतीच्या पोती हळद ओतायची, तोंड लिंपून टाकायचं, की वर्षं गेली तरी कीड नाही. मामांनी एक पेव सकाळीच उघडून ठेवलं होतं. मी वाकून बघायला लागले तर त्यांनी हाताने मागे सारलं. "आवं, लय वाकू नगासा," म्हणाले. "आत वारं नसतंय. कंदील इझला तर मानूसबी इझतंय." मग त्यांनी दोरीने कंदील आत सोडला. मी दोन्ही डोळे ताणून बघत होते. मला खाली अंधार आणि अंधारात एक पिवळा ठिपका, यापलीकडे काही कळत नव्हतं. कंदील टेकला तशी संपत म्हणाला, अठरा फूट. मामांनी दोरी वर ओढून हाताने मोजली. अठराला वीतभर कमी भरली.

कसं कळलं, विचारलं तर म्हणाला, "ज्योत बारीक झाली की खोल. कडंची सावली लांबली की खोल. त्यात काय हाय?"

परत येताना सायकल हातात धरून तो चालत होता आणि बोलत होता. म्हणाला, चष्मा टाकून देऊ. कुणी हापिसात दिवसभर पुठ्ठा बांधून बसणार नाही. लांबचं खोकं लहान काढू, जवळचं मोठं, आणि प्रत्येकाच्या बुडाशी त्याची सावली टाकू. प्रकाश वरून डावीकडून, सावली खाली उजवीकडे. एवढ्याने माणसाला खोली कळते. मी ऐकलं नाही. चष्मा माझा होता, विभागप्रमुखांनी चष्म्याचंच कौतुक केलं होतं. शेवटी दोन्ही ठेवायचं ठरलं. चष्मा माझा, सावल्या त्याच्या. आठवड्याभरात त्याने पडद्यावर अशी खोली उभी केली की चष्म्याविनाही तिच्यात पाय टाकावासा वाटे. मी म्हटलं, ठीक आहे.

मग तो चष्म्याचा दिवस. आज तू बघ, म्हणून मी चष्मा त्याच्या हातात दिला. त्याने घाईत पुठ्ठा उलटा बांधला. लाल जिथे हवं तिथे निळं. असा चष्मा उलटा लावला की सगळं उलटतं, पुढचं मागे जातं, मागचं पुढे येतं, आणि पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं. संपत दहा मिनिटं तसाच बसला. मी विचारलं, खोल दिसतंय का? म्हणाला, झकास दिसतंय. मी त्याच्या उजव्या डोळ्यासमोर माझी वही धरली. तो थांबला. हात कीबोर्डवरच राहिले. मी वही काढली नाही.

"काड ती," तो म्हणाला. मी काढली. मग त्याने सांगितलं. सात वर्षांचा असताना ज्वारीच्या काढणीत धाटाचं टोक डाव्या डोळ्यात गेलं. डोळा वरून बरा झाला, आतून गेला. वरून काही कळायचं नाही, फक्त दमला की तो डोळा जरा कडेला सरकायचा आणि आम्ही म्हणायचो, लेकाने अभ्यास फार केला. घरात आई-बापाला आणि मामाला ठाऊक, बाकी कुणाला नाही. चुलते दोघे फौजेत, हाही जाणार असं सगळा गाव धरून चाललेला. कुणाला सांगितलं नाही, कारण एकदा कळलं की माणसाचं नाव जातं आणि डोळ्याचंच नाव राहतं.

"तू कुनाला म्हनू नगंस," एवढंच त्याने मागितलं. मी नाही म्हणणार म्हटलं. ते मी खरंच म्हटलं होतं, त्या दिवसापुरतं खोटं नव्हतं.

एप्रिलात पुण्याकडचा एक सरकारी कारखाना मुलाखती घ्यायला आला. फौजेसाठी यंत्रं बनवणारा. आमच्या विभागातून एकच जागा. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी मला कामाचे दोन प्रश्न विचारले आणि लग्नाचे चार. संध्याकाळी यादी लागली. पहिला संपत, त्याच्याखाली प्रतीक्षेत मी. तो गेला, नापास झाला, काही झालं तर मी. अंतिम पत्र प्रोजेक्टची परीक्षा झाल्यावर निघणार होतं, आणि परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून तेच साहेब येणार होते.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून वडिलांचं पत्र. जूनपर्यंत नोकरीचं काही दिसलं नाही तर वाईचं स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे, पाहुण्यांना मे अखेर बोलावतो. वाईट नव्हते वडील. चार वर्षं शिकवलं होतं, पुढचं त्यांना दिसत नव्हतं. मी ते पत्र चार वेळा वाचलं. माझे मार्क जास्त, कल्पना माझी, दोन्ही डोळे धड, आणि मी पोहे घेऊन बाहेर येणार. संपतचा मला हेवा वाटला, इतका की जेवण जाईना. हेवा शब्द मवाळ आहे. मला तो नको होता, बस्स.

परीक्षेच्या आदल्या दुपारी तो मामाच्या कामाला गेला होता. मी एकटी त्या गार खोलीत बसले. सावली पुसणं सोपं होतं. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खोक्याच्या सावलीच्या दोन ओळी होत्या, त्या काढायच्या. मी त्याच्या फाइलीची एक प्रत केली आणि एकेक ओळ काढत गेले. मग सगळी खोकी एका मापाची केली. मग जमिनीच्या रेघा काढल्या, भिंत काढली. शेवटी उरली काळ्या पडद्यावर तीन सारखी खोकी, एका ओळीत. चष्म्यातून एक डोळा मिटून बघितलं तर कोण पुढे कोण मागे, देवालाही कळलं नसतं. दोन्ही डोळे उघडले तर डावं खोकं नाकासमोर येऊन उभं राहायचं. मी दोनदा तपासून बघितलं. काम स्वच्छ झालं होतं, आणि स्वच्छ काम झाल्याचा आनंद मला झाला. तो झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेब आले. त्यांनीही बूट बाहेर काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. विभागप्रमुख होते, दुसरे दोन सर होते, आमच्यामागे रांगेत थांबलेली पाच-सहा मुलं होती. संपतने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आधी त्याचीच खोली दाखवली, सावल्यांची. साहेब खूश झाले. एकाने चष्मा लावला, मग दुसऱ्याने, सगळ्यांनी हात पुढे करून खोकी धरायचा प्रयत्न केला आणि हसले. इथे थांबता आलं असतं. प्रोजेक्ट चांगला झाला होता, आणि नोकरी त्याला मिळाली होती.

मी म्हटलं, "सर, खोली ओळखायची एक चाचणी पण केलीय. गणित सगळं संपतचं आहे, त्यालाच विचारा." चेहऱ्यावर कौतुक होतं माझ्या. विभागप्रमुखांना ते आवडलं असावं, मुलगी मोठ्या मनाची आहे म्हणून.

मी चष्मा त्याच्या हातात दिला. त्याने तो बांधला, या वेळी नीट, आणि मी फाइल उघडली. पडद्यावर तीन खोकी. साहेबांनी विचारलं, यातलं पुढचं कोणतं? संपतने पडद्याकडे बघितलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं, गेला महिनाभर बघायचा तसं, किती पुढं आलं असं विचारताना. मी खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर काही नव्हतं, सायकलस्टँड होता.

"मधलं," तो म्हणाला.

साहेबांनी स्वतः बघायचं ठरवलं. त्यांनी त्याचाच चष्मा घेऊन लावला आणि म्हणाले, अरे, मधलं नाही, दुसरंच एक अंगावर येतंय. परत लाव. परत लावला. या वेळी त्याने उजवं सांगितलं. मागच्या पोरांतला एक फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. यादीतल्या पहिल्या माणसाचं त्यांना काहीतरी कळलं होतं. त्यांनी चष्मा काढायला सांगितला, खिशातून पेन काढून त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाले, उजवा डोळा झाक. संपतने झाकला. पेन कुठे नेतोय, विचारलं. साहेबांनी पेन वर नेलं, खाली नेलं, त्याच्या कानाजवळ नेलं. ते तिथे आहे हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. यंत्र घूं करत होतं आणि तो उभा होता, उजव्या डोळ्यावर हात धरून, काढ म्हणेपर्यंत. काढ म्हणायला साहेबांना फार वेळ लागला.

वैद्यकीय तपासणीत तो तसाही सापडला असता, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. ते धड जमलं नाही, कारण ती तपासणी माझी झाली. जूनमध्ये कारखान्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वजन केलं, नाडी बघितली, फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं, "डोळे बरे आहेत ना दोन्ही?" मी हो म्हटलं. त्यांनी खूण केली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

नोकरी मी चोख केली. वाईचं स्थळ परत गेलं, पुढे लग्न मी माझ्या पसंतीने केलं, पगारावर साताऱ्यात घर बांधलं. कारखान्यात जवानांसाठी पडद्यावरची बटणं बसवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी प्रकाश वरून डावीकडून घेतला आणि सावली खाली उजवीकडे टाकली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. कुठून सुचलं, कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तोवर जगभरच्या पडद्यांवर तशाच सावल्या आल्या होत्या, लाल-निळ्या पुठ्ठ्याचं कुणी नावही काढत नव्हतं. संपत बरोबर होता. हरिपूरची पेवं पुढे पुरात बरीच खचली. संपत वडूजला कॉम्प्युटरचे वर्ग घेतो, असं एकीने मागे सांगितलं. वडूज माझ्या घरापासून दोन तासांवरही नाही. मी गेले नाही, जाणारही नाही. माफी मागायला जाणारी माणसं बहुतेक आपल्यासाठी जातात, आणि एवढं तरी त्याच्या नावावर मला आणखी घ्यायचं नाही.

भाचीचा रात्री पुन्हा फोन आला. म्हणाली, आत्या, जुनं रूप हवं असेल तर आणता येतं, सांगते कसं. नको म्हटलं. पडदा चपटा आहे तो चपटाच राहू दे.

परीक्षा संपल्यावर त्या दिवशी मी चपला घालायला बाहेर आले तर संपत दारातच बसला होता, पायरीवर. चपला समोर होत्या, घातल्या नव्हत्या. पिवळे तळवे उन्हात. मला वाटलं आता बोलेल, ओरडेल. मनातून मला ते हवं होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. त्याने मान वर केली, ती नेहमीसारखी जराशी उजवा डोळा पुढे करून, जी सवय चार वर्षांत आम्हाला कुणालाच कळली नव्हती.

"सावल्या तू पुसल्यास व्हय?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

त्याने चपला पायात सरकवल्या. एक बंद अडकला होता, तो बोटाने नीट केला, आणि उठला.

"चांगल्या पुसल्यास," तो म्हणाला. "एकबी ऱ्हायली न्हवती."